नरकातल्या कैफियती

दान्तेच्या नरकात येणाऱ्या प्रत्येक पाप्याला आधी मिनोससमोर उभे राहावे लागते. पाचव्या सर्गाच्या आरंभी हा न्यायाधीश आपल्याला भेटतो. त्याच्यापुढे कोणी काही लपवत नाही. आत्मा येतो, सगळे सांगून टाकतो, आणि मिनोस आपल्या शेपटीचे जितके वेढे अंगाभोवती घेतो तितक्या पायऱ्या त्या आत्म्याला खाली जावे लागते. म्हणजे या काव्यातल्या पाप्यांची कबुली आधीच झालेली आहे, निकालही लागलेला आहे आणि त्यावर अपील नाही. तरीही वाटेने जाणारा एक जिवंत माणूस दिसला की हीच माणसे पुन्हा बोलू लागतात, आणि या वेळी ती सगळे सांगत नाहीत. मिनोसपुढे ती कबुली देतात, दान्तेपुढे कैफियत मांडतात. ‘इन्फेर्नो’चे ३४ सर्ग मी या कैफियतींचे काव्य म्हणून वाचतो. शिक्षांची वर्णने भीषण आहेत, ती लक्षातही राहतात; पण या काव्याचा खरा रस नरकातल्या बोलण्यात आहे, आणि ते बोलणे ऐकताना कुठे विरघळायचे आणि कुठे सावध राहायचे या प्रश्नात आहे.

दान्ते अलिगिएरीचा जन्म १२६५ सालचा, फ्लॉरेन्सचा. प्रेमकवी म्हणून त्याचे नाव झाले होते. १२९० मध्ये वारलेल्या बिआत्रिचेवरची त्याची कविता जाणकारांना ठाऊक होती. १३०० च्या उन्हाळ्यात दोन महिन्यांसाठी तो शहराच्या प्रमुख कारभाऱ्यांपैकी एक झाला. शहरावर सत्ता असलेल्या गेल्फ पक्षात तेव्हा ‘पांढरे’ आणि ‘काळे’ अशी उभी फूट पडली होती. पोप आठवा बोनिफेस याच्या पाठबळावर काळ्यांची सरशी झाली. जानेवारी १३०२ मध्ये पांढऱ्या गटाच्या दान्तेवर पैसे खाल्ल्याचा आरोप ठेवून त्याला दंड आणि हद्दपारी फर्मावण्यात आली. मार्चमध्ये शिक्षा वाढली : हाती लागला तर जिवंत जाळावे. फ्लॉरेन्स त्याला पुन्हा कधी दिसले नाही. परक्यांच्या आश्रयाला राहून त्याने ‘कोम्मेदिया’ लिहिली. नरक (‘इन्फेर्नो’), शुद्धिलोक आणि स्वर्ग असे तिचे तीन खंड. एकूण १०० सर्ग, १४,२३३ ओळी. ती पुरी करून १३२१ मध्ये रावेन्नात तो वारला.

काव्यातला प्रवास मात्र त्याने १३०० च्या ईस्टरमध्ये ठेवला आहे. पस्तिशीचा दान्ते एका अंधाऱ्या रानात वाट चुकतो, तीन हिंस्र श्वापदे त्याची वाट अडवतात, आणि लॅटिन महाकवी व्हर्जिलचा आत्मा त्याला सोडवायला येतो. गुड फ्रायडेच्या संध्याकाळी दोघे उतरू लागतात. या तारखेमुळे एक विलक्षण गोष्ट साधते. लिहिणाऱ्या दान्तेच्या आयुष्यात जे घडून गेले आहे, ते चालणाऱ्या दान्तेच्या पुढ्यात अजून यायचे आहे. हद्दपारीची बातमी त्याला नरकातल्या माणसांच्या तोंडून कळते.

रान म्हणजे पापात हरवलेले आयुष्य, श्वापदे म्हणजे विकार, व्हर्जिल म्हणजे मानवी विवेक, हे रूपक खरे आहे आणि शाळकरी टिपांमध्ये ते पहिल्या पानावरच सापडते. पण तेवढ्यावर थांबलो तर काव्य हातचे जाते. या रूपककाव्यातली माणसे कल्पनांचे मुखवटे घालून आलेली नाहीत. त्यांना गाव आहे, घराणे आहे, बोलण्याची लकब आहे, आणि त्यांतली कित्येक दान्तेच्या पहिल्या वाचकांना नावानिशी माहीत होती. त्यांच्या माणूसपणातूनच रूपकाचा अर्थ निघतो.

हा नरक जेरुसलेमच्या खाली, पृथ्वीच्या मध्यापर्यंत निमुळता होत गेलेला खड्डा आहे. त्यात नऊ वर्तुळे आहेत. वरच्या वर्तुळांत ज्यांना वासना आवरल्या नाहीत ते, त्याखाली हिंसा करणारे, त्याखाली फसवणारे आणि तळाला विश्वासघातकी. अकराव्या सर्गात व्हर्जिल ही रचना ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राच्या आधाराने समजावतो : फसवणूक हिंसेहून वाईट, कारण तिच्यात माणसाला माणूस करणारी बुद्धीच राबवली जाते. शिक्षा बाहेरून लादलेली नसते, ती पापाचेच रूप असते. वासनेच्या वाऱ्यावर वाहत गेलेल्यांना इथे खरोखरचे वादळ भिरकावत राहते. बाप-लेकात वैर लावणारा बेर्त्रां द बोर्न स्वतःचे तुटलेले मस्तक कंदिलासारखे हातात धरून चालतो. पुराणांतल्या नरकांची ओळख असलेल्या मराठी वाचकाने इथे एक फरक ध्यानात ठेवायला हवा. आपल्याकडे भोग संपला की जीव पुढच्या जन्माला जातो. दान्तेच्या नरकातून पुढे जाणे नाही. जो क्षण माणसाने निवडला, त्या क्षणातच तो कायमचा राहतो. म्हणूनच त्याच्याकडे उरते ते फक्त बोलणे.

आणि हे बोलणे दान्तेने ज्या छंदात बसवले तो त्याने स्वतः घडवला. अकरा अक्षरांची एक ओळ, तीन ओळींची एक त्रिपदी. पहिली आणि तिसरी ओळ यमकाने बांधलेली. मधल्या ओळीचे यमक पुढच्या त्रिपदीच्या पहिल्या-तिसऱ्या ओळीत जाते, तिच्या मधल्या ओळीचे त्याच्या पुढच्या त्रिपदीत. आपल्या ओवीत तीन चरण यमकाने जुळतात आणि चौथा आखूड चरण विसावा देतो. ओवी तिथे आपल्यापुरती पुरी होते. दान्तेची त्रिपदी कधीच पुरी होत नाही, तिचा मधला धागा पुढच्या त्रिपदीच्या हाती असतो. त्यामुळे वाचणारा थांबू शकत नाही. नरकातली माणसे आपल्या जागी खिळलेली असतात, त्यांना बोलते करणारा छंद मात्र चालत राहतो. कितीही मोहक कैफियत असो, कवितेची चालच आपल्याला तिच्यापासून पुढे नेते. सर्ग संपतो तिथेच काय ती एक सुटी ओळ येऊन ही साखळी बंद करते.

पहिली मोठी कैफियत फ्रान्चेस्काची. रावेन्नाच्या दा पोलेन्ता घराण्यातली ही मुलगी रिमिनीच्या मालातेस्ता घराण्यात दिली गेली. दीर पाओलोवर तिचे प्रेम जडले आणि नवऱ्याने दोघांना ठार केले. पाचव्या सर्गातल्या वादळात बाकीचे आत्मे थव्यांनी फरफटत असतात, हे दोघे मात्र जोडीने येतात, आणि दान्ते त्यांना घरट्याकडे झेपावणाऱ्या पारव्यांच्या रूपात पाहतो. बोलते ती फ्रान्चेस्काच. पाओलो शेजारी नुसता रडत असतो.

तिचे बोलणे इतके सुंदर आहे की सातशे वर्षे वाचक तिच्या बाजूने उभे राहत आले. ते कसे रचले आहे ते पाहावे. लागोपाठ तीन त्रिपद्या ती ‘प्रेम’ याच शब्दाने सुरू करते, आणि तिन्ही ठिकाणी वाक्याचा कर्ता प्रेम आहे. प्रेमाने त्याला पकडले, प्रेमाने तिला पकडले, प्रेमाने दोघांना मरणाकडे नेले. तिच्या कहाणीत तिने स्वतः केलेली अशी एकही कृती नाही. दान्ते आणखी खोलात विचारतो, तेव्हा ती त्या दिवसाची गोष्ट सांगते. दोघे लान्सेलॉटची प्रेमकथा वाचत होते. राणीच्या चुंबनाचा प्रसंग आला, पाओलोने थरथरत तिचे चुंबन घेतले, आणि त्या दिवशीचे वाचन तिथेच राहिले. दोष पुस्तकाचा आणि ते लिहिणाऱ्याचा, असा तिचा निष्कर्ष.

आता ती जुनी फ्रेंच कथा उघडली तर तिथे पुढाकार राणी घेते. बुजलेल्या लान्सेलॉटला तीच जवळ ओढते. फ्रान्चेस्का सांगते त्यात चुंबन घेणारा पुरुष आहे. एवढासा बदल तिने केला आहे, आणि तो तिच्या सोयीचा आहे. शिवाय ते दोघे पुढे वाचते, तर त्याच प्रेमापायी आर्थरचे राज्य कसे मोडले तेही त्यांना कळले असते. वाचन अर्ध्यावर सोडल्यामुळे त्यांना पुस्तकाचा मोह मिळाला, अर्थ मिळाला नाही. हे सगळे दान्ते कुठेही बोलून दाखवत नाही. तो तिच्या बोलण्यातच या खुणा ठेवतो आणि स्वतः शुद्ध हरपून कोसळतो. त्याचे कोसळणे खरे आहे. तोही प्रेमकविता लिहिणाराच होता. त्याच्याही ओळी वाचून कोणी असेच वाहवले असेल ही जाणीव त्या मूर्च्छेत आहे, असे मला नेहमी वाटते. तिच्याबद्दलची त्याची करुणा आणि तिच्यावरचा त्याचा न्याय, दोन्ही एकाच वेळी पूर्ण आहेत. एकीने दुसऱ्याची धार बोथट होत नाही. हे साधणारे कवी फार थोडे.

दहाव्या सर्गात फारिनाता देल्यी उबेर्ती आपल्या जळत्या थडग्यातून कमरेपर्यंत उभा राहतो, जणू नरकाचीच त्याला किळस वाटते. तो विरोधी गिबेलिन पक्षाचा पुढारी. १२६० मध्ये मोन्तापेर्तीच्या लढाईत त्याच्या बाजूने फ्लॉरेन्सच्या गेल्फांचा पाडाव केला. पण शहरच जमीनदोस्त करावे असा बेत ठरत असताना विरोधात एकटा उभा राहिला तोही हाच. तो दान्तेला पहिला प्रश्न विचारतो घराण्याचा. मग दोघांची खडाजंगी सुरू होते : कोणी कोणाला किती वेळा हाकलले, कोण परत आले, कोणाला परतणे जमले नाही.

इतक्यात शेजारून दुसरे एक डोके हनुवटीपर्यंत वर येते. हा काव्हालकान्ते, दान्तेचा जिवलग मित्र आणि कवी गुइदो काव्हालकान्ती याचा बाप. प्रतिभेच्या बळावर तू इथे आला असशील तर माझा मुलगा तुझ्याबरोबर का नाही, असे तो व्याकुळ होऊन विचारतो. उत्तर देताना दान्तेच्या तोंडून गुइदोबद्दल भूतकाळी क्रियापद जाते. बापाला वाटते, मुलगा गेला. दान्ते क्षणभर उत्तराला थबकतो आणि म्हातारा मागे कोसळतो तो पुन्हा वर येत नाही. फारिनाताच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही. जिथे वाक्य तुटले होते तिथूनच तो आपले राजकारण पुढे सुरू करतो.

यातला दाहक भाग असा की गुइदोची बायको फारिनाताची मुलगी होती. एका थडग्यात पडलेले हे दोघे व्याही आहेत. आपला जावई मेला अशी बातमी कानावर आदळूनही फारिनाता ती ऐकत नाही. त्याला ऐकू येतो तो फक्त पक्षाचा पराभव. आणि काव्हालकान्तेला मुलापलीकडे काही ऐकू येत नाही, वाक्य पुरे ऐकून घेण्याइतकाही धीर त्याच्याजवळ नाही. एरिख आउअरबाख या जर्मन ज्यू अभ्यासकाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इस्तंबूलमध्ये निर्वासित म्हणून राहताना ‘मिमेसिस’ लिहिले, त्यात या दोघांवर एक अख्खे प्रकरण आहे. माणूस मेल्यावरही पुरता तोच राहतो, किंबहुना अधिकच तो होतो, हे त्याने तिथे दाखवले. मला त्यात एवढेच जोडावेसे वाटते की नरकात माणूस इतका स्वतःपुरता उरतो की शेजारच्याचे रडणेही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. कवीच्या बाजूनेही इथे एक जखम आहे. १३०० मध्ये दान्ते कारभारी असताना दोन्ही गटांच्या पुढाऱ्यांना शहराबाहेर घालवण्याचा निर्णय झाला. त्यात गुइदो होता. तिकडे तो आजारी पडला आणि ऑगस्टमध्ये वारला. काव्यातल्या ईस्टरला तो जिवंत आहे, सर्ग लिहिला गेला तेव्हा नव्हता. ते भूतकाळी क्रियापद दान्तेच्या मनावर किती वर्षे बसून राहिले असेल.

सगळ्याच कैफियती खोट्या नाहीत. तेराव्या सर्गातला पिएर देल्ला विन्या हा सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकचा विश्वासू मंत्री. मत्सरी दरबाऱ्यांनी त्याला संशयात पाडले आणि त्याने आत्महत्या केली. आता तो एका काटेरी झाडात अडकला आहे. दान्ते डहाळी मोडतो तेव्हा जखमेतून रक्त आणि शब्द एकदमच बाहेर येतात, ओले लाकूड एका टोकाला पेटले की दुसऱ्या टोकातून जसे फुसफुसते तसे. मालकाशी मी कधी बेइमानी केली नाही, असे तो शपथेवर सांगतो, आणि दान्तेला ते पटते, आपल्यालाही पटते. तो निर्दोष होता. अन्याय केला तो त्याने स्वतःवर. पंधराव्या सर्गात धगधगत्या वाळूवरून चालणारे आत्मे, म्हाताऱ्या शिंप्याने सुईच्या नेढ्याकडे डोळे बारीक करून पाहावे तसे या पाहुण्यांकडे पाहतात. त्यांत दान्तेला आपले गुरुतुल्य ब्रुनेत्तो लातिनी भेटतात. नरकात अगदी मोजक्या माणसांशी दान्ते अहो-जाहो करतो, त्यांतले हे एक. मान झुकवून तो त्यांच्याबरोबर चालतो. ब्रुनेत्तो शिष्याला त्याच्या पुढच्या वनवासाची सूचना देतात, स्वतःच्या पापाबद्दल चकार शब्द काढत नाहीत, आणि जाताना मागतात ते एवढेच की माझ्या ग्रंथाचा विसर पडू देऊ नकोस.

मग येतो सव्विसावा सर्ग. उन्हाळ्याच्या संध्याकाळी टेकडीवर विसावलेल्या शेतकऱ्याला खाली दरीत काजवे दिसावेत तशा ज्वाळा इथल्या एका खंदकात लुकलुकत असतात, आणि प्रत्येक ज्वाळेत दुष्ट सल्ला देणारा एकेक बुद्धिमान जळत असतो. दोन शेंड्यांच्या ज्वाळेत युलिसिस आणि त्याचा साथीदार. होमरचे काव्य दान्तेने वाचलेले नव्हते. युलिसिसची शेवटची सफर त्याने स्वतः रचली. म्हाताऱ्या, थकलेल्या खलाशांना घेऊन युलिसिस जिब्राल्टरजवळच्या हर्क्युलिसच्या खांबांशी येतो, जिथे माणसासाठी जगाची सीमा संपते. तिथे तो त्यांना अवघ्या तीन त्रिपद्यांचे भाषण करतो : उरलेले थोडके आयुष्य अज्ञाताला पाहण्यावाचून घालवू नका, तुमचा जन्म जनावरासारखे जगण्यासाठी नाही. खलाशी इतके पेटतात की आता त्यांना थांबवणे त्यालाही जमले नसते. पाच महिने ते दक्षिणेकडे जातात, दूरवर एक प्रचंड पर्वत दिसतो, आनंदाचा कल्लोळ होतो, आणि त्या भूमीकडूनच आलेला झंझावात गलबताला तीनदा गरगर फिरवून बुडवतो.

ही कैफियत ऐकताना छाती भरून येते, आणि ती तशी यावी अशीच लिहिली आहे. पण युलिसिस नरकात का आहे, हे त्याच्या तोंडून येत नाही. लाकडी घोडा, आणखी दोन कपटे, ही यादी व्हर्जिलने आधीच देऊन ठेवलेली असते. मुलाचे प्रेम, म्हाताऱ्या बापाची सेवा, बायकोचा हक्क यांची तो तीन ओळींत वासलात लावतो. ज्या भाषणाने सगळे बुडाले त्याचा त्याला अजूनही अभिमान आहे. वाईट सल्ला इतका तेजस्वी असू शकतो, हे दान्तेने आपल्याला त्या सल्ल्यात पुरते बुडवून दाखवले.

पण या सर्गाची गोष्ट इथे संपत नाही. १९४४ मध्ये आउश्वित्झच्या छळछावणीत प्रीमो लेव्ही हा इटालियन कैदी, एका तरुण फ्रेंच भाषक कैद्याबरोबर सूपचे पातेले आणायला निघाला होता. वाटेत त्याला इटालियन शिकवावे म्हणून लेव्ही हाच सर्ग आठवू लागला. तुटक ओळी, मधल्या विसरलेल्या, घाईघाईने केलेला अर्थ. युलिसिसच्या भाषणाशी आला तेव्हा तो स्वतःच ते जणू पहिल्यांदा ऐकत होता. आपण कोण आहोत, कुठे आहोत, हे क्षणभर तो विसरला. १९४७ मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकातले हे प्रकरण वाचल्यावर दान्तेच्या न्यायाची दुसरी बाजू समजते. सांगणारा पापी होता म्हणून सांगितलेले खोटे ठरत नाही. माणूस जनावरासारखे जगण्यासाठी नाही हे युलिसिसच्या तोंडी आमिष होते. जिथे माणसाला जनावर करण्याचा कारखानाच चालू होता, तिथे लेव्हीच्या तोंडी तेच सत्य झाले. दान्तेने त्या वाक्याचे तेज मुद्दाम कमी केले नाही, म्हणून ते सहा शतकांनंतर कुणाला तरी पुरले.

जसजसे खाली उतरावे तसतसे बोलणेच नासत जाते. वर फ्रान्चेस्काची प्रासादिक भाषा, मग झाडाच्या जखमेतून निघणारी फुसफूस, मग ज्वाळेच्या शेंड्याची थरथर. एकतिसाव्या सर्गात बाबेलचा बुरूज उभारणारा निमरोद काहीतरी ओरडतो. ते शब्द कोणत्याच भाषेतले नसतात. तळाशी आग नाहीच, तिथे बर्फ आहे. विश्वासघातक्यांची आसवे डोळ्यांतच गोठतात, त्यामुळे रडूनही मोकळे होता येत नाही. तिथे उगोलिनो एका कवटीचे लचके तोडत असतो. बोलायचे म्हणून तो तोंड त्याच डोक्याच्या केसांना पुसतो.

पिसाचा हा सरदार आणि त्या कवटीचा धनी आर्चबिशप रुज्जिएरी दोघेही राजकारणातले दगाबाज. रुज्जिएरीने उगोलिनोला मुलांसह एका बुरुजात कोंडले, आणि १२८९ मध्ये ते सगळे उपासमारीने मेले. इतिहासात त्याच्यासोबत दोन मुलगे आणि दोन नातू होते. दान्तेने चौघांनाही कोवळी मुले केले. कैफियतीच्या सुरुवातीलाच, मी कसा पकडलो गेलो ते सांगण्याची गरज नाही असे म्हणून उगोलिनो आपले राजकारण बाजूला सारतो. पुढे ऐकू येतो बुरुजाचा दरवाजा खालून ठोकून बंद केल्याचा आवाज. मुले रडतात. सर्वांत धाकटा विचारतो, बाबा, काय झाले? बाप उत्तर देत नाही. त्या दिवशी नाही, रात्री नाही. दुःखाने तो स्वतःचे हात चावतो. मुलांना ती भूक वाटते आणि ती आपले मांस देऊ करतात. तरी तो गप्प. चौथ्या दिवशी एक मुलगा पायाशी पडून विचारतो, तुम्ही मला मदत का करत नाही? आणि मरतो. एकेक करून सगळी जातात. मग आंधळा झालेला बाप दोन दिवस त्यांची प्रेते चाचपत, नावे घेऊन हाका मारत राहतो. शेवटी भुकेने काय केले, ते दोन अर्थांनी वाचता येईल अशा एका ओळीत सांगितलेले आहे, आणि त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही.

माझ्या मते सर्गाचे मर्म त्या वादात नाही, मौनात आहे. मुले जिवंत असताना ज्याच्या तोंडून एक शब्द निघाला नाही, तो ती मेल्यावर हाका मारतो. त्याला मुलांची भूक भागवता येणार नव्हती, पण त्यांना जवळ घेऊन चार शब्द बोलता आले असते. तो आतून दगड झाला, आणि दान्तेला तोच दगड नरकाच्या तळाचा बर्फ म्हणून ओळखीचा वाटतो. आताही उगोलिनो बोलतो ते मुलांसाठी नाही. शत्रूची बदनामी व्हावी म्हणून बोलतो. कहाणी संपताच दात पुन्हा कवटीत रुततात. आणखी खाली जावे तर आत्मे काचेतल्या काडीसारखे बर्फात पुरते बुडालेले. तिथून आवाजच येत नाही. अगदी मध्यावर लुसिफर. त्याला तीन तोंडे आहेत, तिन्हींत एकेक विश्वासघातकी चावला जातो आहे, आणि सबंध नरकाचा हा धनी एकही शब्द बोलत नाही. कैफियतींचा प्रवास तिथे निःशब्दात संपतो.

या काव्यात मला टोचणाऱ्या गोष्टीही आहेत, आणि त्या झाकून रसग्रहण होत नाही. परधर्मीयांबद्दलचे मध्ययुगीन ख्रिस्ती जगाचे पूर्वग्रह इथे आहेत. गोठलेली आसवे काढीन असे वचन देऊन दान्ते बर्फात अडकलेल्या फ्रा आल्बेरिगोला तसाच टाकून जातो, तो प्रसंग आजही अंगावर येतो. स्वतः व्हर्जिल, ख्रिस्तापूर्वी जन्मला एवढ्याच कारणाने, होमर, इब्न सिना, इब्न रुश्द, सलाउद्दीन यांच्यासह पहिल्या वर्तुळात आहे. नरकात सर्वांत मोठी कैफियत खरे तर त्याची व्हायला हवी होती. पण तो आपली स्थिती शांतपणे सांगतो आणि वाट दाखवायला लागतो. दान्तेला हा प्रश्न सुटलेला नव्हता. स्वर्गाच्या १९ व्या सर्गात तो पुन्हा विचारला जातो, आणि उदाहरण घेतले जाते आपल्याच बाजूचे : सिंधूच्या काठी जन्मलेला सज्जन माणूस, ज्याच्या कानावर ख्रिस्ताचे नाव गेलेच नाही, त्याला कोणत्या न्यायाने दोषी धरायचे? मिळणारे उत्तर मला पुरेसे वाटत नाही, पण स्वर्गात उभे राहून हा प्रश्न विचारण्याचे धैर्य मला मोठे वाटते.

कैफियत दान्तेजवळही होती, आणि ती खरी होती. १३१५ मध्ये तर मृत्युदंडाच्या हुकमात त्याच्या मुलांचीही नावे आली. या काव्यात तो फ्लॉरेन्सला शिव्याशाप देतो, प्रवासाच्या वेळी हयात असलेल्या बोनिफेससाठी नरकात जागा राखून ठेवतो. पण आपल्यावरचा आरोप कसा खोटा होता याचे वकिली भाषण शंभर सर्गांत कुठेही नाही. हद्दपारीची भाकिते तो ऐकून घेतो आणि चालू लागतो. ऐकणाऱ्याची जागा त्याने स्वतःकडे घेतली, आणि त्यामुळे तो नरकातून बाहेर पडू शकला.

‘इन्फेर्नो’ वाचून थांबू नये असे मी सांगतो ते याचसाठी. सत्ताविसाव्या सर्गात गुइदो दा मोन्तेफेल्त्रो भेटतो, आधी सेनापती, म्हातारपणी फ्रान्सिस्कन साधू. पोपने आगाऊ क्षमा देऊ केली म्हणून त्याने त्याला कपटाचा सल्ला दिला. इथून कोणी जिवंत परतत नाही या खात्रीनेच तो बोलतो, लांबलचक बोलतो, आणि सगळा दोष पोपवर ठेवतो. शुद्धिलोकाच्या पाचव्या सर्गात त्याचाच मुलगा बुओनकोन्ते भेटतो. ११ जून १२८९ रोजी काम्पाल्दिनोच्या लढाईत तो पडला. दान्ते त्या लढाईत समोरच्या बाजूने लढला होता असे मानले जाते. घशात जखम झालेला हा माणूस रक्ताचा माग सोडत एका नदीपाशी येतो, मेरीचे नाव घेतो, आणि त्याची वाचा जाते. देवदूत त्याला उचलतो, आणि एका आसवासाठी हा माझ्या हातून गेला म्हणून सैतान चडफडतो. बुओनकोन्ते कोणाला दोष देत नाही; ज्यांनी आठवण ठेवायची त्यांनी ती ठेवली नाही एवढे खेदाने सांगतो आणि दान्तेची मदत मागतो. बाप बुद्धीच्या सगळ्या करामती करून बुडाला, मुलगा फाटक्या गळ्यातून निघालेल्या एका नावावर तरला. आणि ज्याच्या सैन्याशी आपण लढलो त्या शत्रूला दान्तेने ही जागा दिली. न्याय करणाऱ्या कवीची योग्यता शत्रूला दिलेल्या न्यायातच कळते, आणि त्या कसोटीवर दान्ते इथे पुरा उतरतो.